शब्द कानी पडावा म्हणून : दिवाणखान्यातील पुढचे तीन स्पीकर

बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावात पुढे दुकान आणि मागे घर ही रचना आजही पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. मागचे घर मात्र बदलले. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद असलेल्या जुन्या सोप्याची जागा सिमेंटच्या स्लॅबने, गुळगुळीत फरशीने आणि काचेच्या शोकेसने घेतली. त्याच दिवाणखान्यात आता भिंतभर दूरदर्शनसंच आला असून त्यामागोमाग होम थिएटरही येऊ लागले आहे. रात्री दुकानाचे दार ओढून घेतल्यावर तीन पिढ्या एकत्र बसतात, चित्रपट लागतो, चातुर्मासात एखादे प्रवचन लागते, आणि थोड्याच वेळात घरातील वडीलधारे विचारतात, “काय म्हणाला तो?” आवाज वाढविला जातो. भिंती दणाणतात, शोकेसमधील भांडी किणकिणतात. तरीही शब्द कळत नाही तो नाहीच.

याचे कारण यंत्राच्या ताकदीत क्वचितच असते. भाषेतील स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते, तर स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख साधारण २००० हर्ट्झच्या वरच्या नाजूक ध्वनीवर अवलंबून असते. वयाबरोबर कान नेमका हाच वरचा पट्टा गमावतो. ‘साठ’मधील स ऐकू आला नाही की उरतो ‘आठ’. व्यापाऱ्याच्या घरात या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको. आवाज सरसकट वाढविला की खालचा घुमाराही तितकाच वाढतो आणि दुबळी व्यंजने त्याखाली दबतात. म्हणून आजोबा-आजींना संभाषणातून बाहेर पडू द्यावयाचे नसेल, तर लक्ष द्यावे ते पडद्याच्या डाव्या, उजव्या आणि मधल्या अशा पुढील तीन स्पीकरांकडे. मागचे स्पीकर पावसाची सर आणि पक्ष्यांचा किलबिलाट देतात. कथा सांगतात ते पुढचेच.

तीनच का, यालाही इतिहास आहे. डाव्या-उजव्या अशा दोन वाटांनी ध्वनी नेण्याची कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलिन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी मांडली. पुढे २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला, तो तीन मायक्रोफोन आणि तीन स्पीकर वापरून. मोठ्या सभागृहात सर्वांना मध्यभागी बसता येत नाही, हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण. दोनच स्पीकर असले तर नेमक्या मध्यावर बसलेल्याला पात्राचा आवाज पडद्याच्या मधून आल्याचा भास होतो. बाजूला बसलेल्याला मात्र तो जवळच्या स्पीकरकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. घरातही तेच घडते. मधली जागा मुले पटकावतात आणि वडीलधाऱ्यांची खुर्ची असते दाराजवळ. संवादाचा बहुतेक भार मधला स्पीकर वाहतो, तो याच खुर्चीसाठी.

आता खरेदी. या विषयात पेढीवर बसणाऱ्या माणसाने फसू नये, कारण येथेही खोटे माप चालते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘पी.एम.पी.ओ.’ हजारो वॅटचा आकडा म्हणजे क्षणभराच्या कल्पित उसळीचा हिशेब; त्याला कोणतेही सर्वमान्य माप नाही. पाहावा तो ‘आर.एम.एस.’ आकडा, म्हणजे यंत्र सातत्याने देऊ शकेल ती शक्ती. त्याहून महत्त्वाची असते स्पीकरची संवेदनशीलता, जी डेसिबलमध्ये दिलेली असते. एका स्पीकरची ८७ आणि दुसऱ्याची ९० असेल, तर तितकाच आवाज काढण्यास पहिल्याला दुप्पट वीज लागते. दिसायला तीनचा फरक, व्यवहारात दुपटीचा! तिन्ही पुढचे स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील असावेत. अन्यथा पडद्यावरून डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच बदलतो. आणि पैसा मोजकाच असेल तर सात स्पीकरांच्या स्वस्त संचापेक्षा तीन चांगले स्पीकर घ्यावेत. उरलेले पुढच्या दिवाळीला घेता येतात.

उंच उभे स्पीकर शोभेचे खरे, पण दहा फूट रुंदीच्या खोलीत त्यांचा खालचा स्वर भिंतींवर आदळून घुमतो. तेथे शेल्फवर किंवा स्टँडवर ठेवायचे लहान स्पीकर आणि जोडीला एक सबवूफर हीच शहाणपणाची निवड. साधारण ८० हर्ट्झखालचा ध्वनी सबवूफरकडे सोपवावा, अशी प्रचलित रीत आहे. लहान पेट्यांवरील भार त्यामुळे हलका होतो.

मांडणीला मात्र एक रुपयाही लागत नाही आणि तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. सुतार सहसा स्पीकर छतालगत कोपऱ्यात ठोकतो, उपाहारगृहात ठोकतात तसे. वास्तविक स्पीकरमधील लहान ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. सोफ्यावर बसल्यास कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर येतो. परंतु गादी-तक्क्याच्या बैठकीवर तोच अडीच फुटांच्या आसपास असतो, आणि परदेशी पुस्तिकांत याचा विचार नसतो. ज्या घरात अजून बैठक आहे, तेथे स्टँड त्या मानाने बुटके करून घ्यावेत. वैरागमध्ये सुतार आहेत. तयार स्टँडच घ्यावे असे काही नाही.

स्पीकरांमधील अंतरासाठी नियम असा, की ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून डावा आणि उजवा स्पीकर प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावा. दहा बाय चौदा फुटांची खोली घेऊ. संच अरुंद भिंतीवर आहे आणि बैठक स्पीकरांच्या रेषेपासून साडेआठ फुटांवर आहे. ३० अंश साधायचे तर दोन स्पीकरांत जवळजवळ दहा फूट अंतर लागेल, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांत जातील. सात फूट ठेवले तर कोन २२ अंशांचा पडतो आणि बाजूच्या भिंतींपासून दीड-दीड फूट मोकळे राहते. येथे सात फूटच बरे. भिंत जितकी जवळ, तितका खालचा स्वर फुगतो; कोपऱ्यात तर दोन भिंती आणि फरशी मिळून तो अनेकपट होतो, आणि दबते ते बोलणे. मागच्या बाजूस भोक असलेल्या पेटीला भिंतीपासून निदान वीतभर तरी मोकळीक हवीच. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर त्या भिंतीवर स्पीकर ठोकू नये. आपल्या घरचा चित्रपट त्यांच्या सामायिकाच्या वेळी त्यांच्या घरात वाजू लागतो.

बैठकीचाही विचार करावा. सोफा मागच्या भिंतीला चिकटविण्याची सवय सार्वत्रिक आहे. चौदा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४० हर्ट्झचा स्वर दोन टोकांच्या भिंतींपाशी सर्वाधिक घुमतो. सोफा दोन फूट पुढे ओढला तरी फरक कळतो.

मधला स्पीकर बहुधा शोकेसच्या खणात, फोटो आणि चषकांच्या मागे जाऊन बसतो. तो खणाच्या पुढच्या काठाशी आणावा, त्याचे तोंड किंचित वर किंवा खाली कलवून कानाकडे करावे, खाली रबराचे तुकडे द्यावेत. आडव्या पेटीत दोन वूफर शेजारी-शेजारी असतात. बाजूला बसणाऱ्यापर्यंत त्यांचे ध्वनी मागेपुढे पोहोचतात आणि काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. जागा असेल तर डाव्या-उजव्यासारखाच तिसरा उभा स्पीकर मध्ये ठेवणे यासाठी अधिक चांगले. मधला स्पीकर घेणे शक्यच नसेल, तर डावा आणि उजवा स्पीकर इतके आत वळवावेत की त्यांच्या रेषा ऐकणाऱ्यांच्या पुढेच एकमेकींना छेदतील. मग बाजूला बसलेल्याकडे दूरच्या स्पीकरचे तोंड राहते आणि जवळच्याचा जोर आपोआप उतरतो.

नव्या घराची खरी अडचण आहे ती प्रतिध्वनीची. मातीच्या भिंतीचा, तुळयांचा जुना सोपा ध्वनी गिळून टाकीत असे. फरशी आणि काच तो परत फेकतात. उपाय सोलापूर जिल्ह्यातच विणला जातो. मध्ये जाड सतरंजी अंथरावी. एकाने बैठकीवर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल तेथे लोकरीची घोंगडी दुहेरी घडी करून, भिंतीपासून दोन-तीन बोटे सुटी ठेवून टांगावी. सोलापुरी चादर शोभेला उत्तम, परंतु सुताची आणि पातळ असल्याने ती केवळ अगदी वरचा स्वर शोषते. हे काम घोंगडीचे. भांड्यांच्या शोकेसला मात्र खोली बदलणे हाच उपाय.

तारा जोडताना लाल-काळ्याची उलटापालट झाली तर कोणताही स्पीकर बंद पडत नाही, म्हणून चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. केवळ खालचा स्वर पोकळ होतो आणि आवाज कोठून येतो ते उमगत नाही. ती ओळखण्यास एकमार्गी, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण उपयोगी पडते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे सप्टेंबर १९५५ मध्ये, सल्लेखनेच्या काळात, आचार्य शांतिसागर महाराजांचा अखेरचा मराठी उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला होता. क्षीण झालेला कंठ आणि त्या काळचे यंत्र. अनेक घरांत तो आजही ऐकला जातो. असे मुद्रण मधला स्पीकर बंद करून केवळ डाव्या-उजव्यावर लावावे. जोडणी बरोबर असेल तर मध्यावर बसणाऱ्याला आवाज दोन पेट्यांच्या नेमका मधून, एकाच जागेवरून येतो. तारा उलट्या असतील तर तो खोलीभर विखुरतो.

त्यानंतर मधला स्पीकर सुरू करून घरातील सर्वांत वडील व्यक्तीस तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवावे, आवाज बेताचा ठेवावा आणि एकेक वाक्य परत म्हणावयास सांगावे. शब्द चुकला की स्पीकर चार बोटे सरकवावा, थोडा वळवावा, पुन्हा ऐकवावे. एका संध्याकाळचे काम आहे. भिंतीला भोके त्यानंतर पाडावीत.