कोऱ्या सोडलेल्या गोलांचा हिशेब

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या माडीवर मुलांची अभ्यासिका चालते. बाप बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करणारी, आणि पोर मात्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे, अशीच बहुतेक घरे. मी तिथे गणित शिकवायला बसतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2024 च्या पूर्वपरीक्षेनंतर पुढे उत्तरसूची आणि गुण हाती आल्यावर एक मुलगी प्रश्नपुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, चार मार्कांनी गेलं." मी विचारले, "सोडवलेस किती?" "बावन्न." "आणि बाकीचे अठ्ठेचाळीस?" "येत नव्हते."

पुस्तिका उघडून पाहिली तेव्हा कळले की हे खरे नव्हते. ती खोटे बोलत होती असे नाही. 'येत नाही' या शब्दाचा अर्थच तिला चुकीचा शिकवला गेला होता. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस प्रश्नांत तिने चारपैकी दोन पर्यायांवर पेनाने काट मारलेली होती. काट बरोबर पडली होती. उरलेल्या दोनांत कुठले हे ठरेना, म्हणून तिने गोल कोरा सोडला होता. मी विचारले, "एकावर खूण का केली नाहीस?" ती म्हणाली, "चुकलं असतं तर?"

हा लेख त्या 'चुकलं असतं तर' विषयी आहे. तो प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याला अंकगणितात उत्तर आहे. ते आधी पाहू आणि भावनेकडे मग येऊ.

पूर्वपरीक्षेचा सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर शंभर प्रश्नांचा, दोनशे गुणांचा. बरोबर उत्तराला दोन गुण. चुकीच्या उत्तराला दोनाचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे सदुसष्ट शतांश गुण वजा. कोऱ्या गोलाला शून्य. या मुलीची एक्केचाळीस उत्तरे बरोबर आली आणि अकरा चुकली. ब्याऐंशीतून सात पूर्णांक तेहतीस शतांश गेले, राहिले 74.67. त्या वर्षी अनुसूचित जातींसाठीची रेषा 79.03 होती.

आता त्या एकोणीस प्रश्नांकडे वळू. समजा, तिने डोळे मिटून प्रत्येक ठिकाणी दोनांपैकी एक पर्याय नाण्याच्या छापकाट्याने निवडला असता. एकोणिसांपैकी सात बरोबर आणि बारा चूक आली असती, तरी चौदातून आठ जाऊन सहा गुण पदरात पडले असते. बेरीज 80.67. ती रेषेच्या पलीकडे गेली असती. म्हणजे नाण्याने एकोणीस वेळांत फक्त सातदा तिची बाजू घ्यायची होती. असे होण्याची शक्यता किती? नीट हिशेब केला तर बारा वेळांत अकरा वेळा असे होते. बारातली ती एक वेळ वाट्याला येईल या भीतीने तिने अकरा वेळा सोडून दिल्या. वजावटीने तिचे सव्वासात गुण गेले ते तिला डोळ्यांनी दिसले आणि ती त्यांच्यासाठी रडली. कोऱ्या गोलांनी त्याहून अधिक नेले, पण ते कुठल्याच कागदावर छापून येत नाही. म्हणून त्याचे कुणी रडत नाही.

नियम तसा सोपा आहे. चार पर्याय असतील आणि वजावट एक तृतीयांश असेल, तर काहीच माहीत नसताना मारलेला ठोकताळा सरासरीने शून्यावर येतो: एकदा दोन गुण मिळतात, तीनदा दोन तृतीयांश जातात, हिशेब फिटतो. परीक्षा घेणाऱ्याने हा आकडा असाच बेतलेला असतो. त्याला ठोकताळा मारणाऱ्याला शिक्षा करायची नसते. ठोकताळ्यातून फुकटचे काही मिळू नये, एवढेच पाहायचे असते. आमची मुले वजावटीला दंड समजतात, म्हणून हे पुन्हा सांगतो: पूर्ण अज्ञानाने खूण केली तरी सरासरीने काही जात नाही. एक पर्याय खात्रीने बाद झाला की प्रत्येक खुणेमागे सरासरीने पाव गुणाहून थोडे कमी मिळू लागते. दोन बाद झाले की दोन तृतीयांश गुण. जे अर्धवट ठाऊक आहे, तेही ज्ञानच आहे आणि त्याची किंमत परीक्षेच्या बाजारात ठरलेली आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत आता वजावट एक चतुर्थांश आहे. तिथे तर कोऱ्या अज्ञानाची खूणही सरासरीने किंचित नफ्यात जाते, दर आठ प्रश्नांमागे एक गुण. हा नफा इतका बारीक की एका परीक्षेत तो दिसेलच याची खात्री नाही. पण तिथे एक पर्याय बाद झालेला असताना गोल कोरा सोडणे म्हणजे उभे पीक शेतात टाकून येण्यासारखे आहे.

मग किती प्रश्न सोडवावेत? क्लासमधले लोक आकडा सांगतात. एक म्हणतो पंचाऐंशीच्या खाली थांबू नका, दुसरा म्हणतो साठाच्या वर जाऊ नका. दोघेही फी घेतात. वस्तुत: हा आकडा आधी ठरवायचाच नसतो, तो पेपर वाचून झाल्यावर आपोआप निघतो. 2023 साली आयोगाने अनेक प्रश्नांची घडणच बदलली. वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत, फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, की एकही नाही, असे पर्याय आले. अशा प्रश्नात एक विधान ठामपणे माहीत असून फारसे काही कापता येत नाही. प्रत्येक विधान स्वतंत्र ठाऊक असावे लागते. आदल्या वर्षी ज्याला ऐंशी प्रश्नांत हात घालता आला, त्याच मुलाला त्या वर्षी पंचावन्न जमले असतील, तर त्यात त्याची चूक काय? घोकून आणलेल्या आकड्यापायी अनेकांनी त्या वर्षी उगाच गोल काळे केले.

यापुढची गोष्ट क्लासवाले बहुधा सांगत नाहीत. परीक्षेत सरासरीला महत्त्व आहे, पण अखेरीस प्रश्न रेषेचा आहे. रेषेच्या एक शतांश खाली राहिलेला आणि चाळीस गुण खाली राहिलेला दोघेही घरी जातात. म्हणून जोखीम घ्यावी की न घ्यावी हे तुम्ही रेषेच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरते. खात्रीच्या उत्तरांची बेरीज रेषेखाली असेल तर हात आखडून काहीच वाचत नाही. तिथे जोखीम हीच तुमची मैत्रीण. बेरीज रेषेच्या बरीच वर असेल तर तीच जोखीम शत्रू होते.

अडचण अशी की परीक्षेच्या खोलीत रेषा कुणालाच ठाऊक नसते. अनुसूचित जातींची रेषा 2022 मध्ये 74.08, 2023 मध्ये 59.25, 2024 मध्ये 79.03 होती. खुल्या प्रवर्गाची याच क्रमाने 88.22, 75.41 आणि 87.98. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. 2023 चा आकडा मनात धरून 2024 ला जो मुलगा साठ गुणांवर समाधानाने पेन खाली ठेवून बसला, तो एकोणीस गुणांनी गेला. आपल्या मुलांच्या कानात कुणीतरी सतत कुजबुजत असते: "तुमचं काय, तुमचा कटऑफ कमीच लागतो." हे बोलणाऱ्याचा हेतू काही असो, ऐकणारा मात्र हात आखडतो. माझे मत असे की रेषा म्हणून खुल्या प्रवर्गाचाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. यात स्वाभिमानाचा मुद्दा आहेच, पण हिशेबानेही तेच शहाणपणाचे आहे. वर्षावर्षाला इतकी हलणारी रेषा अंदाजाने खाली धरणे, ही सर्वांत मोठी जोखीम आहे.

दुसऱ्या पेपरात, ज्याला सारे सीसॅट म्हणतात, नेमके उलटे वागायचे. 2015 पासून तो केवळ पात्रतेचा आहे: ऐंशी प्रश्न, दोनशे गुण, आणि तेहतीस टक्के मिळाले की पुरे. इथे रेषा आधीच छापलेली आहे. तीस उत्तरे नक्की बरोबर असतील तर पंचाहत्तर गुण झाले. त्यानंतर दहा चुकीच्या खुणा केल्या की माणूस थेट काठावर येतो. तेव्हा इथे खात्रीचे पुरेसे झाले की थांबावे. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा पहिल्या पेपरात सशासारखा आणि दुसऱ्यात वाघासारखा वागला. पहिल्या पेपरात तो पार झाला होता. दुसऱ्याने त्याचे वर्ष खाल्ले.

आता भीतीकडे येऊ. ही भीती कुठून येते? शाळेत सवर्ण मुलाचे उत्तर चुकते तेव्हा ते त्या मुलाचे चुकते. आपल्या मुलाचे चुकते तेव्हा ते जातीचे चुकते. 'यांना कुठून येणार' हे वाक्य मास्तरांच्या तोंडून आले नाही तरी त्यांच्या चेहऱ्यावरून वाचता येते. हात वर न करणारे पोर शहाणे ठरते, कारण न बोलणाऱ्याची चूक पकडली जात नाही. दहा-बारा वर्षे हे शिक्षण घेतलेला मुलगा परीक्षेच्या खोलीत 'चुकलं असतं तर' असे विचारतो. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. त्याच्या अनुभवातून त्याने काढलेला तो रास्त निष्कर्ष आहे, फक्त तो चुकीच्या जागी लावला जातो.

हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर प्रयोग केले, ते या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झाले. मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायचे होते, सोडवतील त्याचे पैसे होते. जात उच्चारली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखी होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. पुढच्या प्रयोगात त्यांनी पाहिले की जोखीम पत्करायची वेळ आली की ही मुले कशी वागतात. बक्षीस कुणाला द्यायचे हे माणसाच्या मर्जीवर होते, तिथे जातीच्या उच्चाराने दलित मुले मागे सरली. पण बक्षीस कामगिरीशी यांत्रिकपणे बांधलेले होते, तिथे जात उच्चारूनही फरक पडला नाही.

याचा आपल्या विषयाशी संबंध सरळ आहे. उत्तरपत्रिका यंत्र वाचते. त्याला तुमचे आडनाव, वस्ती, बोली, अंगावरचे कपडे काही दिसत नाही. तुमचे उत्तर चुकले तर ते दोन तृतीयांश गुण घेते आणि पुढच्या गोलाकडे जाते. ते हसत नाही, वर्गाकडे वळून पाहत नाही, बापाला बोलावून घेत नाही. मुलाखतीच्या टेबलाविषयी मी असे म्हणणार नाही. तिथे समोर माणसे असतात. पण पूर्वपरीक्षेच्या खोलीत ती जुनी भीती वापरणे म्हणजे नसलेल्या मास्तरांना गुण देऊन येणे.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. 2014 साली कॅथरीन बाल्डिगा या अमेरिकन संशोधिकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच माहिती असलेल्या स्त्रिया, वजावट लावली की पुरुषांपेक्षा अधिक प्रश्न सोडतात आणि त्यामुळे त्यांचे गुण घटतात, असे त्यात दिसले. वजावट काढली की सारेच सारे प्रश्न सोडवतात. अमेरिकेतल्या सॅट या प्रवेशपरीक्षेने 2016 पासून वजावट बंदही केली. आपल्याकडे तशी चिन्हे नाहीत. तेव्हा दलित मुलीने हा हिशेब दोनदा शिकावा.

कुणी म्हणेल, एवढी घाई कशाला, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला सदतिसाव्या वर्षापर्यंत प्रयत्नांची मर्यादा नाही. कागदावर हे खरे आहे. पण प्रत्येक प्रयत्न म्हणजे घरातल्या एका कमावत्या हाताचे वर्ष. ते वर्ष कुणाच्या मजुरीतून निघते हे आम्हाला माहीत आहे.

उपाय म्हणून मी मुलांना एक वही ठेवायला लावतो. सराव परीक्षेत प्रत्येक उत्तराशेजारी एक खूण करायची: खात्री आहे, दोनांत अडकलो, तिनांत अडकलो, काहीच ठाऊक नाही. उत्तरे तपासताना प्रत्येक रकान्यात किती बरोबर आली ते लिहायचे. दहा-बारा पेपर झाले की स्वत:ची ओळख होते. सूत्र सर्वांसाठी एकच असले, तरी त्यात घालायचा आकडा ज्याचा त्याने आपल्या वहीतून काढायचा असतो.

त्या मुलीची वही परवा पाहिली. 'दोनांत अडकलो' या रकान्यात तिची निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर येतात. तिने भीतीने सोडलेले सारे तिथेच होते. 'तिनांत अडकलो' या रकान्यात मात्र चौथा हिस्साही बरोबर येत नाही, म्हणजे जो पर्याय ती खात्रीने कापते तोच पुष्कळदा खरा असतो. मी विचारले, हे कुठल्या विषयात जास्त होते? तिने पाने उलटली. पर्यावरण आणि प्राचीन भारत. आता ती त्या दोन विषयांतले तिनांतले प्रश्न कोरे सोडते, आणि इतिहासाचे जुने पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतले आहे.