रस्त्याची दुसरी कड

चेंबूरच्या दक्षिणेस खाडीकाठी वसलेले माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. 1954-55 च्या सुमारास त्याच्या शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले आणि पुढे तानसा जलवाहिनीच्या कडेने हटवलेली कुटुंबे येथील 72 इमारतींच्या वसाहतीत आणून वसवण्यात आली. उंच कुंपणभिंती, मालगाड्यांचे रूळ आणि तेलवाहू टँकरांची वर्दळ यांच्यामधून ज्यांना रोज पायी वाट काढावी लागते, असा मोठा जनसमुदाय या टापूत एकवटला आहे. मोबाइलमधला नकाशा पादचाऱ्याला कसे वागवतो, हे पारखण्यास मुंबईत याहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

या नकाशाच्या पोटात चित्र नसते. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. प्रत्येक रेषेवर वेळेचा भार चढवून त्यांतला सर्वांत हलका मार्ग निवडावयाचा, ही एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1959 साली प्रसिद्ध केलेली रीत आजच्या मार्गदर्शक यंत्रणांच्या मुळाशी आहे. पादचाऱ्यासाठी ताशी सुमारे 5 किलोमीटर वेग धरला की हिशेब पुरा होतो; डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई आणि रिकाम्या हाताने चालणारा तरुण त्यात समान ठरतात.

खरी अडचण रस्ता ओलांडताना येते. दुभाजक नसलेला रस्ता, कितीही रुंद असला तरी, बहुधा मध्यातून जाणाऱ्या एकाच रेषेने दर्शवतात. त्यामुळे अलीकडचा बसथांबा आणि पलीकडचे दुकान एकाच रेषेवर येतात, आणि टँकरांच्या रांगेतून पलीकडे पोहोचण्यास लागणारा वेळ व पत्करावा लागणारा धोका हिशेबातून साफ वगळला जातो. दुभाजक असला की त्याच रस्त्याच्या दोन रेषा होतात आणि मग उलट अन्याय घडतो: पलीकडे जाण्याची जागा कोणी नोंदवलेली नसेल, तर दुभाजकातल्या ज्या फटीतून सारी वस्ती वर्षानुवर्षे जाते ती यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसते, आणि समोर दिसणाऱ्या दारापर्यंत ते लांबचा वळसा सांगते. शिवाय मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलला आपले स्थान सुमारे 5 मीटरच्या आतबाहेर कळते. माणूस रस्त्याच्या कोणत्या कडेला उभा आहे, याचा निवाडा तेवढ्यावर होत नाही.

गूगलने 2008 साली पायी मार्ग दाखवण्यास आरंभ केला तेव्हा पदपथ नसण्याची शक्यता आहे, सावध राहा, अशी सूचना सोबत जोडली होती. सूचना प्रामाणिक होती. पण पदपथ कोठे तुटतो हे सांगण्याची जबाबदारी तिने चालणाऱ्यावरच टाकली.

2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात मात्र कोणालाही नोंद करण्याची मुभा आहे. ओलांडण्याची जागा तेथे स्वतंत्र बिंदू म्हणून मांडता येते आणि सिग्नल आहे की नुसते पांढरे पट्टे, मध्ये थांबण्यास चौथरा आहे की नाही, पदपथाची कड उतरती आहे की उंच, हे सारे नमूद करता येते. नोंद जितकी बारीक, तितका मार्ग चालणाऱ्याच्या अनुभवाशी जुळतो. माहुलसारख्या ठिकाणी ही मोजणी तेथील रहिवाशांना सोबत घेऊनच व्हावयास हवी, कारण कोणत्या प्रहरी टँकरांची रांग कोठवर येते आणि पावसाळ्यात कोणती कड पाण्याखाली जाते, हे त्यांनाच ठाऊक असते. पट्टे कोठे रंगवले आणि पदपथ कोठे बांधला याचे महापालिकेचे दफ्तर यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुले झाले, तर या कामाचा मोठा भाग एका हंगामात उरकेल. आणि ही तजवीज वसाहतीतून शाळेकडे, दवाखान्याकडे व बसथांब्याकडे जाणाऱ्या वाटांपासून सुरू व्हावी.