गडवा हरवला, नाव पारध्यांचं

नांदगाव पेठेहून बोलते आहे. आज आधी माझ्याच घरची एक गोष्ट सांगते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. पारधी बेड्यावरची एक बाई दुपारी भाकर मागायला दारात आली. आईने अर्धी भाकर दिली, ती गेली. संध्याकाळी पितळेचा गडवा दिसेना. घरात एकच नाव निघालं. घरचे बाप्ये बेड्यावर गेले, पालातली गाठोडी उपसली, त्या बाईला नाही नाही ते बोलले. गडवा काही मिळाला नाही. पंधरा दिवसांनी खोलीत भरलेला कापूस विकायला काढला, तेव्हा गडवा तळाशी निघाला. माझ्याच भावाने पाणी प्यायला नेला होता आणि तिथेच विसरला होता. सगळे हसले. पण बेड्यावर जाऊन सांगायला कोणी गेलं नाही. गडवा चोरीला गेला हे सगळ्या गावाला कळलं होतं, सापडला हे आमच्या घराबाहेर गेलंच नाही.

भावाने गडवा हरवला तर तो विसराळू. आमच्या जातीतल्या कोणी खरंच चोरी केली असती तर लोकांनी त्याचं नाव घेतलं असतं, 'अमक्याचा पोरगा बिघडला' म्हटलं असतं. पारध्याचं मात्र नाव कोणी विचारत नाही. 'पारधी तसेच' म्हटलं की संपलं. आपल्या माणसाची चूक त्याच्या एकट्याची, त्यांच्या माणसाची चूक सगळ्या जमातीची. आज जे बोलायचं आहे त्याचं मूळ इथेच आहे.

चोरी रक्तात असते का? नाही. जगातली कोणतीही दोन माणसं घ्या, त्यांच्या शरीराची घडण ठरवणारा मजकूर हजारात जवळपास नऊशे नव्याण्णव भाग सारखाच असतो. रंग, नाक, केस हे वरवरचे फरक. भाषा, देव, लग्नाच्या रीती, पोट भरायचा धंदा, यातून जमातीची ओळख बनते. ती घरात शिकलेली असते, रक्तातून आलेली नसते.

दुसरा शब्द 'अल्पसंख्य'. सरकारदरबारी तो धर्मावरून वापरतात: मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख, पारशी, जैन. पण समाजाचा अभ्यास करणारे डोकी मोजून थांबत नाहीत, ते विचारतात की शब्द कोणाचा चालतो. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक थोडे होते, तरी १९९४ पर्यंत राज्य त्यांचंच होतं. आणि आपण बाया? गावात निम्म्या आहोत. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचं असतं? ग्रामसभेत कोण बोलतं? तेव्हा संख्या असूनही मागे राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पारधी तर संख्येनेही थोडे आणि शब्दानेही. त्यात त्यांच्या कपाळावरचा शिक्का कायद्याने मारलेला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे होता, १९११ पासून देशभर लावता येऊ लागला. ज्या जमातीचं नाव यादीत गेलं, तिच्यात जन्मलेलं माणूस गुन्हा न करताच संशयित. बोटांचे ठसे द्यायचे, पोलिसांकडे हजेरी लावायची, दुसऱ्या गावी जायचं तर परवाना घ्यायचा. काहींना तारेच्या कुंपणात वस्ती करून ठेवलं, सोलापूरला अशी मोठी वसाहत होती. फिरून पोट भरणारे लोक सरकारला मोजता येत नव्हते, सारा त्यांच्याकडून मिळत नव्हता, म्हणून ते संशयाचे. देश स्वतंत्र झाला, तरी हा कायदा पाच वर्षं टिकला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण गावाच्या तोंडातला शब्द गेला नाही.

तुम्ही म्हणाल, 'पण काही पारधी चोऱ्या करतातच ना?' करत असतील, जसे प्रत्येक जातीत काही करतात. त्यांची शिक्षा त्यांनाच झाली पाहिजे. पण त्यांच्या पोटाचं काय झालं तेही बघा. फासेपारधी फासे लावून तितर, लावे, हरणं धरायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि तो धंदाच गुन्हा ठरला. जनावरं वाचायला हवीत हे खरं, पण बदल्यात जमीन किंवा काम किती जणांना मिळालं? त्यांच्यातलेच टाकणकर. त्यांच्या टाकीशिवाय आपल्या आज्यांचं जातं चाललं नसतं. गिरणी आली आणि टाकी थांबली.

संधी मिळाली की काय होतं तेही आपल्या वऱ्हाडातच दिसतं. अकोला-वाशीमच्या माळरानावर तणमोर नावाचा दुर्मीळ पक्षी येतो. कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेबरोबर फासेपारधीच तो राखायचं काम करतात. पाखरांच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक? आणि आपल्याच जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला, मतीन भोसले या पारधी शिक्षकाने रस्त्यावर भीक मागणाऱ्या पोरांसाठी शाळा काढली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'.

महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. सवलती कागदावर आहेत, पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याचं घर पालाचं होतं, जो शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर वावर नाही, त्याने तो कागद कुठून आणायचा? शिक्का मारायला कागद लागला नाही, हक्क मागायला मात्र लागतो.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सांगते.

पहिली, जिभेची. चोरी झाली तर पुरावा बघा, माणूस बघा, जमातीचं नाव घेऊ नका. तसंच एमआयडीसीत कामाला आलेल्या परप्रांतातल्या पोरांबद्दल बोलताना. कायद्याचंही ध्यानात ठेवा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जातीजमातीच्या माणसाचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं किंवा त्याला छळायला खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे. विमुक्त जमातींच्या लोकांना पोलिसांनी मनमानीने पकडू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये बजावलं आहे.

दुसरी, सोबतीची. दाखल्यासाठी सेतू केंद्रात, उपविभागीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पारधी बाई एकटी गेली तर दारातूनच परत येते. गटातल्या दोघी सोबत गेल्या तर निदान अर्ज तरी घेतला जातो.

तिसरी, सतरंजीची. आपल्या गटाच्या बैठकीत बेड्यावरची एक तरी बाई असते का? नसेल तर ती येत नाही, की आपण बोलावत नाही?

माझी आई आता थकली आहे. मागच्या वर्षी तिला विचारलं, 'तेव्हा सांगायला का नाही गेलीस?' ती म्हणाली, 'लाज वाटली बाई. अन् मग दिवस निघून गेले.' ती बाई आता कुठे आहे, आहे की नाही, ठाऊक नाही. पण बेडा अजून आहे. येत्या बैठकीत यावर बोला आणि बोलून झालं की कोणीतरी बेड्यावर निरोप घेऊन जा.