कॉलेजच्या आवारात राबणारी आपली माणसे

सकाळी सातच्या आत कॉलेजच्या फाटकातून कोण आत जाते, हे आपल्या वस्तीला सांगायला नको. प्राध्यापक मंडळी यायच्या आधी वर्ग झाडून झालेले असतात, संडास धुतलेले असतात, वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिली कणीक मळून तयार असते. नगर जिल्ह्यात शिक्षणसंस्था थोड्याथोडक्या नाहीत. अहमदनगर महाविद्यालय १९४७ साली निघाले, राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथेही मोठी कॉलेजे आहेत. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. कॉलेजे वाढत गेली, तशी त्यांच्या आवारात राबणारी आपली माणसेही वाढली. फरक एवढाच, की पूर्वी घरातला एखादा कायम शिपाई असे, आता बहुतेक जण ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात.

या माणसांच्या जिवाविषयी आज लिहायचे आहे. कारखान्यात अपघात झाला तर निदान चार लोक विचारतात. कॉलेजात अपघात होतो, हेच पुष्कळांना पटत नाही. तिथे काय, खडू आणि पुस्तके!

आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्या एका कॉलेजात सफाईचे काम करतात. कॉलेजचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण ताईंना अजून तिथेच कामाला जायचे आहे. मोठ्या तपासणीसाठी पाहुणे यायचे होते, म्हणून सुपरवायझरने सांगितले, ‘मावशी, आज संडास आरशासारखे दिसले पाहिजेत.’ ताईंनी आधी फरशीवर ॲसिड टाकले. डाग निघेना, म्हणून वर ब्लिचिंग पावडर टाकली. दार लोटलेले होते, खिडकी गंजून बसलेली होती. एकदम उग्र धूर उठला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, छाती आवळली. बरोबरच्या बाईने ओढून बाहेर काढले म्हणून त्या वाचल्या. दोन महिने खोकला गेला नाही. जिना चढताना आजही त्या मध्येच थांबतात.

ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर विषारी हत्यार म्हणून सोडला होता, तोच हा वायू. दहा रुपयांची पुडी आणि बाटलीतले ॲसिड मिळून बंद संडासात तोच प्रकार होतो. ही गोष्ट कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते. तो विभाग ताईंच्या संडासापासून शंभर पावलांवर होता. तिथली फरशीही ताईच पुसत होत्या. पण त्यांना कोणी सांगितले नाही, आणि का सांगितले नाही याचा विचार करताना आम्हांला राग आवरत नाही.

तेव्हा आपल्या घरातील सफाई काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हे आज सांगा : ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र करू नये. एक वापरल्यावर भरपूर पाणी ओतून, फरशी धुऊन निघाल्याखेरीज दुसऱ्याला हात लावू नये. अमोनिया असलेले काच पुसण्याचे औषधही ब्लिचिंगबरोबर चालत नाही. काम करताना दार-खिडकी उघडी असावी. वास चढलाच तर बादली तिथेच टाकून उघड्या हवेत यावे, डोळे वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावेत आणि बरे वाटले तरी डॉक्टरला दाखवावे. क्लोरीनचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. आणखी एक. ॲसिड, फिनेल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत सगळीकडे आहे. तीच बाटली कामावरून घरी येते आणि उन्हातून खेळून आलेले लेकरू ती तोंडाला लावते. अशी बाटली घरात असेल तर हा अंक खाली ठेवून आधी ती बाजूला करा.

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. वसतिगृहाची सेप्टिक टाकी तुंबली की कोणाला बोलावतात? ते विचारायची गरज नाही, जात पाहूनच निरोप जातो. कागदावर ‘सफाई कामगार’ लिहिलेले असते, पण टाकीत उतरणाऱ्यांची आडनावे वर्षानुवर्षे बदललेली नाहीत.

टाकीतल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे ‘वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हा समज जीव घेणारा आहे. तिथे प्राणवायूही कमी असतो. आत गेलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा.

याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातील वाकडी गावात एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्या विहिरीत बायोगॅसचे शेण-मलमूत्र साठवलेले होते. मांजराला वाचवायला एक उतरला, त्याच्यामागे दुसरा, असे करत पाच जण मेले. सहावाही उतरला होता, पण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता, म्हणून त्याला ओढून वर काढता आले. तिथे कॉलेज नव्हते, ठेकेदार नव्हता, जातीने कोणी कोणाला ढकलले नव्हते. माणसे मायेपोटी उतरली. वायू मात्र कोणाची माया पाहत नाही. आत कोणी पडला तर उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा, हे मनावर दगड ठेवून सांगावे लागते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठेकेदारामार्फत उतरवले तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आले तर किमान वीस लाख. पैशाने माणूस परत येत नाही हे खरे, पण मयताच्या घरी पन्नास हजार ठेवून मिटवामिटवी करायला येणाऱ्यांना हा आकडा माहीत असतो. आपल्यालाही माहीत असावा. टाकी तुंबली तर मैला उपसणारी गाडी बोलवायची, आणि माणसाने ‘मी उतरणार नाही’ म्हणायचे. कायद्याने तो त्याचा अधिकार आहे.

शेतकी कॉलेजांत आणि विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर काम करणाऱ्यांचे दुखणे वेगळे. तिथे फवारणी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. विष पोटातूनच जाते असे नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जाते. डब्यावरचा त्रिकोण पाहायला शिका, त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, मध्येच तंबाखू मळू नये. घाम सुटणे, तोंडाला लाळ येणे, उलटी, डोळ्यांपुढे धूसर होणे, स्नायू उडणे, अशी लक्षणे दिसली की दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्यावा. डॉक्टरला नेमके विष कळले तर उपाय लवकर होतो. घरच्या बाईने एवढे पाहावे, की फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजू नयेत. ते वेगळे धुवावेत आणि धुताना हातात मोजे असावेत. नवऱ्याच्या सदऱ्यातून बायकोला विष चढते, ही गोष्ट कोणत्याच हजेरीपटावर येत नाही.

शेतात गमबूट हवेत ते सापासाठी. आपल्याकडील नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात एकच लस मिळते. देवऋषी, चिरा पाडणे, करकचून दोरी बांधणे यात वेळ गेला की ती लसही हतबल होते.

वैद्यकीय महाविद्यालयात कचरा उचलणाऱ्यांना सुईची भीती असते. २०१६ च्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाकायच्या असतात आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ-ब आणि धनुर्वात यांच्या लसी द्यायच्या असतात. ठेकेदाराचा माणूस असला तरीही. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, चोखू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरकडे जावे. एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके चांगले. ‘उद्या सांगू’ म्हणून रात्र घालवू नये.

मेसच्या भटारखान्यात भाजणे आणि घसरणे हे रोजचे. भाजल्यावर हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटे थंड वाहते पाणी, एवढेच. प्रयोगशाळेतल्या भाऊंनी ॲसिड पाण्यात थोडे थोडे घालावे, ॲसिडात पाणी कधीच नाही. आणि ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून कूलरला हात लावू नये. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून किती जण जातात, हे वर्तमानपत्रात आपण दरवर्षी वाचतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगतो.

ताईंना दवाखान्यात नेले तेव्हा सुपरवायझर बरोबर होता. रिक्षातच तो म्हणाला, ‘मावशी, डॉक्टरला घरीच झालं म्हणून सांगा, उगाच पोलिसांची भानगड.’ ताईंनी तसेच सांगितले. मुलगी बारावीला होती, पगार तुटू द्यायचा नव्हता. केसपेपरवर लिहिले गेले, घरी साफसफाई करताना त्रास झाला. त्या एका ओळीने ताईंचा सगळा हक्क गेला. पुढे ताईंचे यजमान कॉलेजच्या ऑफिसात गेले, तर हेडक्लार्क म्हणाले, ‘त्या आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहेत.’ ठेकेदार म्हणाला, ‘कागद दाखवा.’ कागदावर तर घर लिहिलेले. चौदा वर्षे ज्यांना सगळे कॉलेज मावशी म्हणत होते, त्यांचे पूर्ण नाव त्या ऑफिसात कोणालाच सांगता आले नाही.

नोकरी जाण्याची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती खरी आहे, आणि पोटापुढे शहाणपण सांगणारे पुष्कळ असतात. पण डॉक्टरला ‘कामावर असताना झाले’ हे सांगायला पैसे लागत नाहीत. तारीख, वेळ आणि जागा केसपेपरवर लिहून घ्या. त्याची झेरॉक्स घरच्या ट्रंकेत ठेवा. बरोबर कोण होते त्यांची नावे वहीत लिहा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालापासून आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तर ज्याच्यासाठी काम चालले त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते, हे तत्त्व त्यात पहिल्यापासून आहे. तेव्हा ‘आमच्या नाहीत’ एवढ्यावर विषय संपत नाही.

पगाराची चिठ्ठीही बघा. त्यात ई.एस.आय. नावाने पाऊण टक्का कपात होत असेल, तर तुमच्या नावाचा विमा क्रमांक आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना आहे. तिच्यात कामावर जखम झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, नोकरीचा पहिला दिवस असला तरी. कपात होते पण क्रमांक कोणी दिलेला नाही, अशी माणसे आम्हांला भेटली आहेत.

जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे १९४६ चे विधेयक त्यांनीच मांडले. त्या काळचे कायदे गिरणी आणि खाण डोळ्यांपुढे ठेवून झाले. पुढे आपल्या मुलाबाळांनी कॉलेजे भरली, आणि त्याच कॉलेजांची झाडलोट आपल्याच आया-बहिणींकडे राहिली. कारखाना-कायद्याची नजर त्या झाडूपर्यंत पोचली नाही.

ताईंच्या कॉलेजात मग काय झाले? एकट्याने बोलायचे नाही, असे आठ बायकांनी ठरवले. ताईंच्या मुलीने अर्ज लिहून दिला : हातमोजे, तोंडाला मास्क, गमबूट, बाटल्यांवर मराठीत नावे, आणि ॲसिड व ब्लिचिंग ठेवायला वेगळी कपाटे. आठ जणींच्या सह्या, त्यांतल्या तीन अंगठ्याच्या. अर्ज प्राचार्यांच्या ऑफिसात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्का मारायला कारकून खळखळ करत होता, पण बायका टेबलासमोरून हलल्या नाहीत.

रसायनशास्त्राच्या एका मॅडमनी एका शनिवारी सगळ्यांना बोलावून अर्धा तास समजावून सांगितले. चहा दिला. आता कपाटे दोन झाली आहेत, बाटल्यांवर लाल रंगाने नावे आहेत, गंजलेली खिडकी उघडते. हातमोजेही आले, पण पुरुषांच्या मापाचे. बायकांच्या हातातून बादलीत गळून पडतात. लहान मापाचे मागवले आहेत, असे सुपरवायझर सांगतो. या आठवड्यात ताई भेटल्या, तोवर ते आलेले नव्हते.