फोटो उडाले? आधी पत्ता तपासा

"कॉम्प्युटरवरचे सगळे फोटो उडाले!" असं कुणी सांगितलं, की पहिला प्रश्न विचारावा तो एवढाच : उडाले म्हणजे नेमकं काय दिसतंय? फोटोच्या जागी करडा चौकोन आहे? छोटं चित्र दिसतंय, पण उघडायला गेलं की उघडत नाही? की मधलं एक अख्खं वर्षच यादीतून नाहीसं झालंय? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. गंमत अशी, की तिन्हींत फोटो बहुतेक वेळा डिस्कवर सुखरूप असतात. खरं नुकसान होतं ते नंतर, घाबरून केलेल्या खटाटोपात. कुणी लायब्ररी पुसून नवी बनवतं, कुणी फॉरमॅट मारतं, कुणी मोफत मिळालेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतं. या खटाटोपाच्या मुळाशी ठरावीक गैरसमज असतात.

गैरसमज : फोटो सॉफ्टवेअरच्या आत असतात

लग्नाचे फोटोग्राफर सर्रास वापरतात ते अ‍ॅडोबचं लाइटरूम क्लासिक घ्या. त्याचा कॅटलॉग म्हणजे एक डेटाबेस. कुठली फाइल कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आहे, तिला किती तारे दिले, तिचा उजेड किती वाढवला, एवढ्या नोंदी त्यात असतात. फोटो नसतो. सातबारा गहाळ झाला म्हणून जमीन जात नाही, तसा कॅटलॉग बिघडला म्हणून फोटो जात नाही.

पिकासाचंही तेच होतं. गूगलनं मार्च २०१६ मध्ये पिकासा बंद केलं तेव्हा फोटोंच्या काळजीनं पुष्कळ जण धास्तावले. पण फोटो पिकासात कधी नव्हतेच, ते आपल्याच फोल्डरांत होते. गेलं ते दुसरंच. पिकासात केलेली कापाकापी, वाढवलेला उजेड हे मूळ फाइलमध्ये आपोआप उतरत नसे. प्रत्येक फोल्डरात 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची छोटीशी मजकुराची फाइल असे, तिच्यात या बदलांची नोंद व्हायची. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ही नोंद वाचता येत नाही. म्हणून नव्या मशीनवर तेच फोटो पुन्हा काळपट आणि न कापलेले दिसतात, आणि माणूस म्हणतो, 'माझे नीट केलेले फोटो गेले.' ज्यांनी आठवणीनं 'सेव्ह' दाबलं होतं त्यांचे बदल फाइलमध्ये उतरले आणि मूळ प्रत त्याच फोल्डरातल्या 'पिकासाओरिजिनल्स' या लपवलेल्या उपफोल्डरात जाऊन बसली. विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केली, की ती सापडते.

मॅकवरच्या 'फोटोज'ची रीत उलटी. ते नव्या फोटोंची प्रत आपल्या लायब्ररीत घेतं. ही लायब्ररी 'पिक्चर्स' फोल्डरात एकाच फाइलसारखी दिसते, पण प्रत्यक्षात तो फोल्डरच आहे. तिच्यावर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कन्टेन्ट्स' निवडलं, की आत 'ओरिजिनल्स' सापडतं आणि लांबलचक अक्षरं-आकड्यांच्या नावाखाली आपले फोटो. ते बघावेत, हवे तर कॉपी करून घ्यावेत. आत जाऊन आवराआवर मात्र करू नये. नावं बदलली की लायब्ररीला स्वतःच्याच फाइली ओळखू येत नाहीत. आणि सेटिंगमधली 'कॉपी आयटम्स टु द फोटोज लायब्ररी' ही खूण कुणी काढून ठेवली असेल, तर इथेही प्रत घेतली जात नाही, फक्त पत्ता टिपला जातो.

गैरसमज : उद्गारचिन्ह आलं म्हणजे फाइल डिलीट झाली

लाइटरूममध्ये एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह दिसतं, फोल्डरच्या नावावर प्रश्नचिन्ह. त्याचा अर्थ इतकाच, की नोंदवलेल्या पत्त्यावर फाइल नाही. उद्गारचिन्हावर क्लिक केलं तर शेवटचा ठाऊक असलेला पत्ता समोर येतो. तो नीट वाचावा, कारण अर्ध्याहून अधिक उलगडा त्या एका ओळीत होतो. समजा तिथे ई ड्राइव्ह, मग 'लग्न', मग '२०२२' असं लिहिलंय. आता फाइल एक्सप्लोरर उघडून बघा, तर बाहेरची हार्ड डिस्क आज एफ झालेली. ती लावायच्या आधी एक पेन ड्राइव्ह येऊन ई हे अक्षर अडवून बसला होता, बस्स. फोटो तेच, फोल्डर तोच, डिस्क तीच. पण कॅटलॉग बिचारा ई च्या दारावर थाप मारतोय आणि हजारो फोटोंना एका झटक्यात उद्गारचिन्ह लागलंय.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन त्या डिस्कला पुन्हा ई अक्षर द्यायचं. किंवा लाइटरूममध्ये सर्वांत वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडायचं आणि नवी जागा दाखवायची. खालचा सगळा गोतावळा आपोआप जोडला जातो. सर्वांत वरचा फोल्डर हे महत्त्वाचं, नाहीतर एकेक समारंभ हातानं जोडत बसाल. मोजकेच फोटो हलले असतील तर 'लोकेट' दाबून एक दाखवावा आणि 'फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज'वर खूण करावी. शेजारचे लाइटरूम स्वतः शोधतं.

हाच घोळ माणसं स्वतःच्या हातानंही घालतात. फोटो एक्सप्लोररमधून कट-पेस्ट करतात किंवा फोल्डरचं नाव 'नवीन'चं 'नवीन फायनल' करतात. कॅटलॉगला हे कळायला काही मार्ग नसतो. हलवाहलव करायचीच असेल तर ती सॉफ्टवेअरच्या आतून करावी, म्हणजे नोंदही बरोबर बदलते.

सर्वांत महागात पडतो तो 'स्वच्छ' उपाय : उद्गारचिन्हवाले सगळे निवडा, कॅटलॉगमधून काढा आणि नव्यानं इम्पोर्ट करा. फोटो परत येतात खरे, पण तारे, कलेक्शन आणि कष्टानं केलेलं रंगांचं काम जातं, कारण ते त्या नोंदीतच होतं. बदल फाइलसोबतही लिहून ठेवायची सोय आधीपासून चालू असेल तर रंगांचं काम आणि तारे वाचतात, कलेक्शन तरीही नाही. 'सिंक्रोनाइझ फोल्डर' करतानाही हरवलेले फोटो कॅटलॉगमधून काढण्याची एक खूण असते; डिस्क जोडलेली नसताना ती ठेवून पुढे गेलात, तर हेच नुकसान एका क्लिकमध्ये होतं.

आणि फोटो काही नव्हे, एकदम सगळेच गेले असतील तर? मग उलट काळजी कमी करावी. अशा वेळी बहुधा दुसरीच लायब्ररी उघडलेली असते. लाइटरूममध्ये 'ओपन रीसेंट'मध्ये जुना कॅटलॉग दिसतो. मॅकवर 'फोटोज' उघडताना ऑप्शन की दाबून ठेवली, की कुठली लायब्ररी हवी ते विचारलं जातं. ऑप्शन आणि कमांड दोन्ही दाबल्या तर दुरुस्तीची खिडकी येते, पण ती नंतरची पायरी. आधी घर बरोबर आहे का ते बघा.

गैरसमज : दिसतोय म्हणजे आहे

हा पहिल्यापेक्षा जास्त घातक, कारण यात माणूस निर्धास्त असतो. फोटो भराभर दाखवता यावेत म्हणून जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर छोटी चित्रं वेगळी साठवतं. मूळ फाइल कधीच पुसली गेली, तरी ते छोटं चित्र लायब्ररीत हसत उभं असतं. अल्बम छापायला काढला की मग कळतं. म्हणून जुनी डिस्क फॉरमॅट करायच्या आधी लायब्ररीत डोकावून भागत नाही. मूळ फोल्डर उघडून, फाइलींचा आकार बघून खात्री करावी लागते. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोटोची फाइल काही किलोबाइटची दिसली, तर पाणी मुरतंय.

लाइटरूमवाल्यांना इथे एक दिलासा आहे. 'स्मार्ट प्रीव्ह्यू' बनवलेले असतील, तर त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेलपर्यंत असते आणि मूळ फाइल नसतानाही त्यांतून फोटो एक्सपोर्ट होतो. उत्तम छपाईच्या हिशेबानं ती साधारण आठ इंच भरते. भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमला नाही, पण अल्बमच्या पानाला चालून जाईल.

गैरसमज : तारखेनं लावले की सगळे ओळीनं सापडतात

तारीख म्हणजे कुठली? फोटो काढल्याची तारीख कॅमेरा फाइलच्या आत, 'एक्झिफ' नावाच्या माहितीत लिहितो. फाइल बनल्याची तारीख विंडोज बाहेरून लावतं आणि कॉपी केली की ती बदलते. आतली तारीख नसली, की सॉफ्टवेअर नाइलाजानं बाहेरची धरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतली एक्झिफ माहिती वाटेतच गळते. म्हणून आजीच्या पंच्याहत्तरीचे नातेवाइकांनी पाठवलेले फोटो, जेव्हा ते कॉम्प्युटरवर उतरवले त्या महिन्यात जाऊन बसतात. अँड्रॉइडवरून आलेल्या अशा फाइलच्या नावातच आयएमजीपुढे वर्ष, महिना, दिवस लिहिलेला असतो. नावानं शोधलं तर सापडतात. स्कॅन केलेल्या जुन्या अल्बमांचंही तसंच. १९६८ चं लग्न स्कॅन केल्याच्या दिवशी लागतं.

यादीच्या अगदी तळाशी जाऊन १९७० आणि १९८० ही वर्षंही बघा. अनेक यंत्रणांत वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजतात. तारखेच्या जागी शून्य पडलं, की भारतात तो फोटो १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० वाजताचा दिसतो. मेमरी कार्डांवरची जुनी फाइलपद्धत १९८० पासून मोजते. कॅमेऱ्याची आतली छोटी बॅटरी संपून घड्याळ मूळपदावर गेलं, तर गेल्या वर्षीचा गणपतीही अशाच कुठल्यातरी पुरातन जानेवारीत सापडतो.

एक मामला परदेशी पाहुण्यांचा. न्यू जर्सीहून जानेवारीतल्या लग्नाला आलेल्या भावानं कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलंच नसतं. सकाळी ९ वाजून १२ मिनिटांच्या मुहूर्ताचे फोटो त्याच्या कॅमेऱ्यात आदल्या रात्री १० वाजून ४२ मिनिटांचे होतात, आणि एकत्र केलेल्या लायब्ररीत अक्षता मेंदीच्याही आधी पडतात. एक्झिफच्या वेळेत टाइम झोन लिहायची रीतसर सोय २०१६ पर्यंत नव्हती. अशा वेळी सगळ्या फोटोंना एकच तारीख चिकटवू नये. त्या कॅमेऱ्याचे तेवढे निवडून वेळ साडेदहा तास पुढे सरकवावी, म्हणजे त्यांचा आपसातला क्रम टिकतो.

गैरसमज : क्लाउडवर आहेत, म्हणजे बॅकअप आहे

सिंक म्हणजे इकडे जे कराल ते तिकडे. इकडे डिलीट केलं, की तिकडेही जातं. फक्त कचऱ्याच्या डब्यात काही दिवस थांबतं : अ‍ॅपलच्या फोटोजमध्ये ३० दिवस, घरगुती वनड्राइव्हमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्यांसाठी ६० दिवस. काही हरवल्यासारखं वाटलं की आधी हा डबा बघावा, कारण इथे मुदत चालू असते. गूगल फोटोजमधलं 'अर्काइव्ह' आणि अ‍ॅपलचं 'हिडन' हेही बघून घ्यावं. चुकून बोट लागून तिथे गेलेले फोटो मुख्य यादीत दिसत नाहीत.

वनड्राइव्हची आणखी एक खोड आहे. 'पिक्चर्स' फोल्डरचा बॅकअप चालू केला, की तो फोल्डरच वनड्राइव्हच्या आत सरकतो आणि त्याचा पत्ता बदलतो. मग जुन्या पत्त्यावर विसंबलेल्या प्रत्येक लायब्ररीला उद्गारचिन्हं फुटतात. शिवाय ज्या फाइलपुढे ढगाची खूण आहे ती तुमच्या डिस्कवर नाहीच, नुसती पाटी आहे; नेट नसताना ती उघडणार नाही. मॅकवर 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर तिथेही मूळ फोटो आयक्लाउडवर असू शकतात, म्हणून अशा मॅकची डिस्क जशीच्या तशी कॉपी करून फोटोंचा पूर्ण बॅकअप होत नाही.

आयफोनवरून आलेले फोटो विंडोजवर उघडत नाहीत, ते 'करप्ट' झाले, ही तक्रार थोडक्यात मिटते. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन एचईआयसी या प्रकारात फोटो काढतात. विंडोजला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली जोडणी लागू शकते. फाइल ठणठणीत असते.

गैरसमज : रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकलं की सगळं परत मिळतं

फाइल खरोखरच पुसली गेली असेल तर प्रश्न डिस्क कुठल्या जातीची आहे, हा आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर आणि मेमरी कार्डावर डिलीट केल्यानं, किंवा झटपट फॉरमॅट केल्यानं, बहुधा फक्त नोंद पुसली जाते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. म्हणून कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच ड्राइव्हवर टाकावं, सापडलेले फोटोही तिसरीकडे उतरवावेत. एसएसडीवर मात्र 'ट्रिम' नावाची सोय मोकळी झालेली जागा मागच्या मागे साफ करत असते. तिथे आशा फार थोडी. दुकानदार काही म्हणो, पैसे देण्याआधी आपली डिस्क कुठली ते बघून घ्या.

मोफत मिळणारं 'फोटोरेक' डिस्कवरची नोंदवही बघतच नाही. जेपीजी फाइलची सुरुवात ज्या ठरावीक बाइट्सनी होते, त्या हुडकत जातं. त्यामुळे मोडलेल्या कार्ड-नोंदींतूनही ते फोटो काढतं, पण मूळ नावं आणि फोल्डर हाती लागत नाहीत, नुसते आकडे येतात. एक्झिफमधली तारीख फाइलच्या आत असल्यानं ती बहुधा वाचलेली असते, तेव्हा असे फोटो वर्षवार लावता येतात. जुन्या कॅटलॉगमधल्या नोंदींशी त्यांची जुळणी मात्र एकेक फोटो बघत, हातानंच करावी लागते.