पेट्रोलचा धागा

अमडापूरच्या फाट्यावर कुणाची नवी गाडी येऊन उभी राहिली, की घटकाभर तिच्या रंगाचं कौतुक होतं, आणि मग कुणीतरी टायर दाबून बघत हमखास विचारतं, ‘काय अ‍ॅव्हरेज देते?’ गाडीवाला म्हणतो वीस, ऐकणारा मान डोलावतो, चहा येतो आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळतो. पण पोरंहो, त्या वीसाच्या आकड्यात एक अशी नवलाची गोष्ट दडून बसली आहे, की ती मला पहिल्यांदा उमगली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता रस्त्याकडे बघत राहिलो होतो. सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल, थेट फ्रान्सातून.

आपल्या इकडून घाटाखाली खामगावच्या बाजाराला कापसाच्या बंड्या जायच्या (आणि तो बाजार केवढा, तर 1870 साली जलंबहून खामगावला आणलेला रेल्वेचा फाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला होता), तेव्हा वाट मोजायची ती कोसांनी. आता कोस म्हणजे किती? कुठला दीड मैलाचा, कुठला दोन मैलांचा, आणि बैल थकलेले असले की त्याहूनही लांब. फ्रान्सातही तीच तऱ्हा होती, दर गावाचं माप वेगळं. म्हणून 1791 साली तिथल्या विद्वानांनी ठरवलं, की माप घ्यायचं ते कुठल्या राजाच्या हातापायाचं नको, साऱ्यांच्या धरणीमायचं घेऊ. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतची वाट घ्यायची, तिचे एक कोटी भाग करायचे आणि त्यातला एक भाग म्हणजे मीटर.

पण ध्रुवापर्यंत टेप धरून चालणार कोण? मग देलांब्र आणि मेशँ असे दोघे जण निघाले, उत्तरेकडून एक, दक्षिणेकडून एक, आणि डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची पट्टी त्यांनी देवळांच्या शिखरांवरून, टेकड्यांवरून कोन घेत घेत त्रिकोणांनी मोजली. 1792 साली निघाले ते 1798 साली परत आले. मध्ये फ्रान्सात राज्यक्रांती पेटलेली. उंचावर खुणेची निशाणं लावणारा आणि दुर्बिणीतून बघणारा हा माणूस हेर तर नाही ना, म्हणून लोकांनी देलांब्रला अडवून ठेवलं होतं. एवढं सगळं करून 1799 साली प्लॅटिनमची मीटरभर पट्टी तयार झाली, ती हव्या त्या मापापेक्षा अवघी 0.2 मिलिमीटर आखूड. त्या काळच्या साधनांनी सारी पृथ्वी मोजायची आणि चूक राहावी ती एवढीशी! धरणीचा पुरा घेर जवळजवळ 40,000 किलोमीटर असा गोल आकड्यात येतो, तो त्यामुळेच. तुमच्या मोटारसायकलच्या मीटरवर चाळीस हजार झाले, की खुशाल समजा, एक पृथ्वीप्रदक्षिणा झाली.

आणि हे सगळं परमुलखातलं समजू नका. असाच धरणी मोजायला निघालेला एक म्हातारा आपल्या विदर्भाच्या मातीत निजला आहे. विल्यम लँबटन त्याचं नाव. 1802 साली मद्रासेपासून त्यानं मोजणी सुरू केली, अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र बरोबर वागवत वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि 20 जानेवारी 1823 रोजी हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटला त्यानं देह ठेवला. तिथे त्याची कबर आहे. वर्धेकडे कधी गेलात तर वाट वाकडी करून बघून या.

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 साली आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलो-मीटर हळूहळू बाजारात शिरले. त्याच्या आधी, 1957 च्या एप्रिलात, नवे पैसे आले होते. रुपयाचे चौसष्ट पैसे मोजायची सवय झालेली माणसं शंभराला लवकर सरावली नाहीत, आणि चाळीस शेरांचा मण तर म्हाताऱ्यांच्या तोंडातून गेलाच नाही.

तर आता गंमत ऐका. लिटर म्हणजे काय, तर दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा डब्यात मावेल तेवढं. म्हणजे दहा लाख घन मिलिमीटर. आणि एक किलोमीटर म्हणजे दहा लाख मिलिमीटर. दोन्हीकडे दहा लाखच! म्हणजे एक लिटर पेट्रोल एक किलोमीटर रस्त्यावर सरळ रेषेत पसरून ठेवलं, तर त्या धारेचा छेद भरतो बरोबर एक चौरस मिलिमीटर. गाडी लिटरला वीस देते म्हणता ना? मग तिच्या वाटेवर जो पेट्रोलचा धागा पडलेला आहे, त्याचा छेद एक विसांश चौरस मिलिमीटर, व्यास पाव मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा. ती गाडी पुढे जाताना एवढाच धागा गिळत जाते. सगळं कुटुंब, डिकीतलं गव्हाचं पोतं आणि लोखंडाचं ते धूड एवढ्याशा दोऱ्यानं ओढलं जातं! साठ देणाऱ्या मोटारसायकलचा धागा तर मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढा बारीक.

एसटी लिटरमागे पाच किलोमीटर जाते असं धरू. तिचा धागा अर्ध्या मिलिमीटरचा, गाडीच्या दुप्पट जाड. पण त्या एका धाग्यावर चाळीस-चव्वेचाळीस माणसं लटकलेली असतात. माणशी वाटून बघा, लिटरला दोनशेच्या वर किलोमीटर पडतात. मोटारसायकलवर दोघं बसली तरी एकशेवीसच. लाल डब्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा असं मला फार वाटतं.

धाग्यानं आणखी एक गोष्ट सुटी होते. दहा देणारी जीप बारा देऊ लागली आणि वीस देणारी गाडी पंचवीस, तर फायदा कुणाचा जास्त? सगळे म्हणतील दुसरीचा, पाचानं वाढली की. पण शंभर किलोमीटरला जीपचे वाचले दीड लिटरहून जास्त आणि गाडीचा एकच लिटर. जाड धागा थोडा बारीक केला तरी पुष्कळ वाचतं. युरोपातली माणसं म्हणूनच शंभर किलोमीटरला किती लिटर लागले ते विचारतात, आणि मला तीच रीत खरी वाटते.

घाटाखालून घाटावर येताना तो धागा जाड होतो हे तुम्हाला सांगायला नको. हजार किलोची गाडी तीनशे मीटर वर उचलायला सुमारे पाव ते अर्धा लिटर जादा पेट्रोल लागतं. पण त्याहून मोठा खाऊ आहे वारा, आणि तो खरा जाणवतो तो नुसत्या मोटारींसाठी काढलेल्या मोकळ्या रस्त्यांवर. इटलीत पिएरो पुरिचेल्ली नावाच्या इंजिनिअरनं मिलानहून वारेसेकडे नुसत्या मोटारींसाठी रस्ता बांधला, तो 21 सप्टेंबर 1924 रोजी खुला झाला. गुरं नाहीत, घोडागाडी नाही, जायचं असेल तर टोल भरायचा. जर्मनीत 1932 साली कलोन ते बॉन, विलायतेत 1958 साली प्रेस्टनजवळ, आपल्याकडे मुंबई-पुणे, आणि आता मेहकर, सिंदखेडराजाच्या वावरांतून गेलेला समृद्धी महामार्ग. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, आणि मोटारसायकल, ट्रॅक्टर आत घ्यायची मुभा नाही.

तिथे सपाटीला गाडीला ताशी 120 ची परवानगी आहे, आणि पोरं तो काटा तिथेच टेकवून ठेवतात. आता ऐकून घ्या. हवा हलकी दिसते, पण एका घनमीटरला किलोभर तरी भरतेच. गाडीचं तोंड दोन चौरस मीटरचं धरलं, तर दर किलोमीटरला तिला वीस क्विंटलांच्या वर हवा बाजूला सारावी लागते. हळू सारली तर ती निमूट सरकते. पण ऐंशीचे एकशेवीस केलेत, की हवेचा अडसर सव्वादोन पट होतो. ऐंशीला वीस देणारी गाडी तिथे चौदावर आली असं धरलं, तर मुंबई-नागपूरला 35 लिटरांच्या जागी 50 लागतात. वरचे पंधरा लिटर कुठे गेले? वाटेतली चौदा हजार क्विंटल हवा घाईघाईनं बाजूला लोटण्यात.