पेराएवढे शिपाई आणि सब्राचे काम

इंग्लंडमधले नॉटिंगहॅम शहर एके काळी लेससाठी नावाजलेले होते. आज ते आणखी एका बारीक कामासाठी ओळखले जाते. टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांचे प्लास्टिकचे शिपाई तिथे बनतात. 'वॉरहॅमर' हा १९८३ साली आलेला खेळ काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी याच शहरात आहे. इतिहासातल्या फौजा बनवणारी वॉरलॉर्ड गेम्सही तिथलीच.

परदेशातून येणाऱ्या मामू-चाचांच्या सामानात कधी असा एखादा खोका निघाला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी गोंधळून जाऊ नये. आत तयार शिपाई नसतात. सपाट चौकटींत अडकलेली डोकी, हात, पाय आणि ढाली असतात. ते सुटे करून जोडायचे काम आपले. पुष्कळ संचांतला शिपाई सुमारे २८ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा असतो.

मुलांना वाटते, खरी मजा रंगात आहे. आम्ही म्हणू, खरा कस रंगाच्या आधी लागतो. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे प्रत्येक तुकड्यावर एक बारीक रेघ उरते. कोऱ्या प्लास्टिकवर ती दिसतही नाही. रंग चढला की मात्र चेहऱ्यावरच्या व्रणासारखी उठून दिसते. रंग दोष झाकत नाही, तो उघडा पाडतो.

म्हणून क्रम पाळावा. आधी चौकटी कोमट पाण्यात थोड्या साबणाने धुऊन वाळू द्याव्यात, म्हणजे कारखान्यातला तेलकटपणा निघतो. तुकडे हाताने पिळून तोडू नयेत. प्लास्टिक ताणले जाऊन पांढरे पडते, कधी तुकडाच मोडतो. बारीक कटरची सपाट बाजू तुकड्याकडे धरून पहिला काप थोडा लांब आणि दुसरा जवळ घ्यावा. उरलेला उंचवटा बारीक कानशीने घासावा. साच्याची रेघ कापायची नसते, खरवडायची असते. त्यासाठी सुरीची धार नव्हे, पात्याची मागची बाजू हलक्या हाताने ओढावी.

मग तुकडे गोंदाशिवाय एकमेकांना लावून पाहावेत. शिवणकामात कापड शिवण्याआधी टाचणी लावून माप बघतात, तसेच हे. हा हात कोणत्या खांद्याचा, मान किती वळवायची, हे इथेच ठरते. ढालीमागे ब्रश पोचणार नसेल, तर ढाल रंगवून मग चिकटवावी.

प्लास्टिकचा गोंद आपल्या नेहमीच्या गोंदासारखा नसतो. तो दोन्ही तुकड्यांचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन्ही मिळून एकच प्लास्टिक होते. नीट लागलेला सांधा सहसा सुटत नाही; चुकीचा लागलेलाही सुटत नाही. म्हणून एक थेंबही पुष्कळ. जास्त झाला तर बाहेर येऊन नाक-डोळ्यांचे कोरीवकाम वितळवतो. अर्धा मिनिट धरावे, नंतर रात्रभर हात लावू नये. सांध्यात फट राहिली, तर पुट्टी भरून घासावी. रंगाचा पहिला हात म्हणजे प्रायमर, तो त्यानंतरच.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. या गोंदाचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी हवी. सुरी आणि गोंद लहान भावंडांच्या हाती लागू नयेत. छोटे तुकडे गिळण्याची भीती असते, म्हणून काम ताटात करावे आणि उठताना ताट उंचावर ठेवावे. छंद महागडा आहे. सुरुवात एका लहान संचाने करावी, तो पुरा झाल्याशिवाय दुसरा आणू नये. ज्या घरात माणसांच्या आकृती ठेवत नाहीत, त्यांना वाहनांचे आणि इमारतींचे संच मिळतात. काम अगदी तेच.

युद्धाचा खेळ मुलांना कशाला, असे अम्मी विचारतील. प्रश्न रास्त आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. त्यातच खऱ्या युद्धाचा मूर्खपणाही दाखवून दिला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. टेबलावरचा शिपाई पडला तर उचलून ठेवता येतो, हा फरक मुलांना जरूर सांगावा.

आणखी एक विनंती. मुलाचा सांधा वाकडा गेला, तर अब्बांनी तो शिपाई हातातून ओढून घेऊन स्वतः जोडू नये. जवळ बसावे, दिवा नीट धरावा, विचारले तर सांगावे. पहिला शिपाई बहुधा बेढबच होतो. दहावा बघा. त्याच्यावर रेघ दिसणार नाही, आणि ती कुणी न सांगता खरवडलेली असेल.